गेमस्टरचा काळा कान

१

कपाट उघडलं तेव्हा विनिफ्रेड टेबटच्या हातात भिंग तयार होतं, आणि बघायला काहीच नव्हतं.

खालच्या फळीवर धुळीत एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता. तपकिरी कातड्याचा तो जाडजूड अल्बम गेली सत्तर वर्षं तिथे पडून असायचा. बाकी सगळं जागच्या जागी होतं: शिकारीवरची जुनी पुस्तकं, तांब्याची शिंगं, हाताने रंगवलेल्या चित्रांचे संच. लंडनच्या कुठल्याही दुकानात हातोहात खपेल असा माल चोराने तसाच सोडला होता आणि फिकुटलेल्या फोटोंचा एक अल्बम तेवढा उचलला होता.

"काल सकाळी मी स्वतः पुसून ठेवलाय, बाई," मागून नेली फ्रियर म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "तुम्ही आज बघायला येणार म्हणून मुद्दाम पुसला."

ऑल्डरवेल शिकारमंडळाची ही दप्तराची खोली शिकारी कुत्र्यांच्या केनेलच्या अंगणातच होती. खोली नेलीच्या ताब्यात होती. तिचा नवरा वॉल्टर सत्तावीस वर्षं या मंडळाचे हाउंड सांभाळून चार वर्षांपूर्वी वारला. मंडळाने खोलीची देखभाल तिच्याकडे दिली आणि त्याबदल्यात केनेलच्या बाजूचं छोटं घर राहू दिलं. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी तिला तेवढाच आसरा होता.

विनिफ्रेडने खोलीभर नजर फिरवली. कोल्ह्याच्या शिकारीवरची जुनी पुस्तकं, फोटो आणि चित्रं विकण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती. स्वतः मात्र ती एकदाही घोड्यावर बसली नव्हती. तिचे वडील शिंपी होते. मंडळाचे लाल कोट त्यांनीच शिवले. घोडे तिने पाहिले ते दुकानाच्या काचेतून.

मागच्या खिडकीची कडी उचकटलेली होती. कपाटाचं कुलूप मात्र शाबूत होतं. खिडकीबाहेर हिमाने कडक झालेल्या गवतावर बुटांच्या खुणा होत्या. त्या मेंढ्यांच्या कुरणातून थेट रस्त्याकडच्या फाटकापर्यंत जात होत्या.

"लेस्टरचा कुणीतरी भामटा," मंडळाचे मास्टर, म्हणजे प्रमुख, मेजर ऑब्री डाल्बी दारातूनच म्हणाले. त्यांचं बोलणं नेहमी अंगणापलीकडच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या आवाजात असायचं. "आला, उचललं, गाडीत घालून पळाला. सार्जंटचंही तेच म्हणणं आहे."

विनिफ्रेड त्या खुणांच्या कडेकडेने फाटकापर्यंत गेली आणि परत आली. तिने जिभेला जरा आवर घातला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण बरोबर ते बोलून दाखवायची तिला फार हौस.

"मेजरसाहेब, फाटक बंद आहे. नुसतं ओढलेलं नाही. साखळीला दोन वेढे देऊन कडी खिळ्यात अडकवलीय. पळणारा चोर एवढं करत बसेल?"

मेजर थांबले. गाभण मेंढ्यांचं कुरण होतं ते. या मुलुखात पोराला चालता येण्याआधी फाटक लावायला शिकवतात.

"म्हणजे आपल्यातलंच कुणी," मेजर हळूहळू म्हणाले. "आणि कुलूप किल्लीने उघडलंय." त्यांनी नेलीकडे पाहिलं. "किल्ली कुणाकडे असते, नेली?"

नेलीने भिंतीला हात टेकला.

"शुक्रवारी अकरा वाजता कमिटी बसेल," मेजर म्हणाले. "तोवर अल्बम मिळाला तर ठीक. नाहीतर ते घर महिनाअखेर रिकामं करून द्यावं लागेल."

२

नेलीला गोत्यात आणलं ते आपल्या जिभेने, हे विनिफ्रेडला पक्कं ठाऊक होतं. तिला स्वतःचा मनापासून राग आला होता. हातात दोन दिवस होते.

ती नेलीच्या स्वयंपाकघरात बसून एकेक गोष्ट उलगडू लागली. किल्ली दाराच्या मागे, वॉल्टरच्या शिंगाच्या पट्ट्याशेजारी खिळ्याला असते. घराला कुलूप नसतं. मंगळवारी दुपारी नेली प्रार्थनेला चॅपलला गेली होती, दोन ते चार. किल्ली घेऊन काम उरकून परत अडकवायला पंधरा मिनिटं पुरेत.

"किल्ली कुठे असते हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"माझ्याकडे चहा प्यायलेल्या प्रत्येकाला. मेजरसाहेब, फिलिडाबाई, तो लंडनचा पेम्बरसुद्धा. तीनदा आला होता अल्बम मागायला."

विनिफ्रेडला रविवारचं जेवण आठवलं. मेजरांच्या टेबलावर हे तिघंच होते आणि चौथी ती. भिंतीवर नवं चित्र लागलं होतं: केनेलच्या अंगणात ऑल्डरवेलचे हाउंड, १८८७. चित्रकार त्या काळचा नामांकित जोसाया वेन. फिलिडा गार्थला ते यॉर्कशरमध्ये मावशीच्या माळ्यावर सापडलं होतं. मंडळ ते शनिवारी समारंभाने विकत घेणार होतं. चित्र अस्सल आहे असं पत्र विनिफ्रेडनेच लिहून दिलं होतं, आणि भाजलेल्या मटणावर ताव मारता मारता तीच म्हणाली होती, "त्याच वर्षीचा फोटो अल्बममध्ये आहे. बुधवारी शेजारी ठेवून बघते. तपशील कॅटलॉगात घालता येतील."

मंगळवारी अल्बम गेला.

पेम्बर गावच्या खानावळीत शेकोटीला पाय लावून बसला होता. लंडनात त्याचं शिकारचित्रांचं दुकान होतं. त्याचे बूट पातळ, शहरी होते.

"मला अल्बम हवा होता, नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण मी विकत घेतो, उचलत नाही. मंगळवारी दुपारी इथेच होतो. आणि टेबटबाई, त्या पस्तीस कुत्र्यांच्या अंगणात मी एकटा पाऊलही टाकणार नाही."

"साडेसतरा जोड्या," विनिफ्रेडने सवयीने दुरुस्त केलं. "इथे जोडीने मोजतात. आणि कुत्रे म्हणू नका. हाउंड. इथे तेवढ्यावरून माणसाशी बोलणं टाकतात."

"बोलत होते कुठे? डिसेंबरात एक फाटक उघडं राहिलं माझ्याकडून, तर अजून टोमणे ऐकतोय."

ते मात्र खरं होतं. त्या दिवशी चाळीस मेंढ्या हमरस्त्यावर आल्या होत्या आणि मेजरांनी पेम्बरच्या सात पिढ्यांची आठवण काढली होती. या माणसाला फाटक लावायचं सुचणं शक्य नव्हतं.

ती उठली तेव्हा पेम्बर विस्तवाकडे बघत म्हणाला, "एक विचारू? ते वेनचं चित्र मला कुणी फुकट दिलं तरी मी दुकानात लावणार नाही. का, ते सांगता येत नाही. बघताना काहीतरी डोळ्यांना टोचतं. तुम्हाला नाही टोचलं?"

३

फिलिडा गार्थ ही विनिफ्रेडची तीस वर्षांची मैत्रीण. घोडे आणि हाउंड रंगवण्यात तिचा हात धरणारं कुणी त्या परगण्यात नव्हतं. तरी लंडनवाले तिला 'कुत्री रंगवणारी बाई' यापलीकडे मोजत नव्हते. वय अठ्ठावन्न. अजूनही जुन्या पद्धतीने, दोन्ही पाय घोड्याच्या डाव्या अंगाला टाकून, लांब स्कर्टात, कुंपणांवरून उड्या मारायची. कडाक्यामुळे आठवडाभर शिकार बंद होती आणि ती चित्रशाळेत चरफडत फेऱ्या घालत होती.

"नेली चोर?" ती म्हणाली. "ऑब्रीचं डोकं फिरलंय. मी कमिटीवर आहे. हात वर करायची वेळ येईल तेव्हा मी नेलीच्या बाजूने."

"तुझं एकटीचं मत पुरणार आहे का, फिल?"

फिलिडाने ब्रश उगाचच दुसऱ्यांदा धुतला. 

"अल्बममधले फोटो तुझ्या आजोबांनी काढलेले," विनिफ्रेड म्हणाली. "मूळ काचेच्या निगेटिव्ह घरात असतील तर नवा अल्बम करता येईल. मेजर थोडे नरमतील."

"त्या गेल्या. लढाईच्या दिवसांत काच मिळेना. आईने सगळ्या धुऊन काकडीच्या काचघराला लावल्या. शिकारीला निघालेल्या बापजाद्यांच्या खाली काकड्या पिकल्या." फिलिडा हसली. विनिफ्रेडही हसली. अशी काचघरं त्या मुलुखात पुष्कळ होती.

निघताना ती मागच्या बाजूने गेली. काचघर होतं. काचा जुन्या, हिरवट, मोठ्या. तिने हाताने मापल्या. पाऊण हात लांब.

अल्बममधले फोटो वीतभर होते, म्हणजे त्यांच्या निगेटिव्हची काचही तेवढीच. एवढी मोठी काच त्या कॅमेऱ्यात मावलीच नसती.

मैत्रीण तोंडावर खोटं बोलली होती. 

४

गुरुवारी सकाळी मेजर तिला जेवणघरात घेऊन गेले.

"बघा हवं तेवढं," ते म्हणाले. "पण नेलीचं काय करू? मलाही बरं वाटत नाहीये. वॉल्टरने मला घोड्यावर बसायला शिकवलं. पण दप्तर विश्वासावर असतं. मी आज डोळेझाक केली तर उद्या कमिटी मला विचारेल."

"मंगळवारी दुपारी तुम्ही कुठे होता?"

मेजर लाल झाले. "दंतवैद्याकडे. दाढ काढली. कुणाला सांगू नका."

ते गेल्यावर ती चित्रासमोर खुर्ची ओढून बसली. मधोमध लाल कोटातला हंट्समन, हाउंडांना हाकणारा, उभा, हातात चाबूक. त्याच्या पायांशी हाउंड. पुढे एक, ज्याचा उजवा कान कोळशासारखा काळा, बाकी अंग पांढरं. चौकटीवरच्या पितळी पट्टीवर त्याचं नाव होतं, गेमस्टर. उजव्या कडेला त्या वेळच्या मास्टरांच्या पत्नी घोड्यावर, पाय घोड्याच्या पलीकडे, डाव्या अंगाला. मागे नुसतं धुकं.

हाउंडांच्या डोळ्यांतली ती अधीरता, ओल्या फरशीवरचा उजेड. चित्र सुरेखच होतं. म्हणून तर तिने डोळे मिटून पत्र दिलं होतं.

मग तिने घोडे आणि हाउंड बाजूला ठेवले आणि शिंप्याच्या मुलीला जे बघता येतं ते बघितलं. तिने कोट बघितला.

ती उठून चित्राच्या अगदी जवळ गेली.

५

"नेली, तुझी आजी हाउंडांची पिल्लं वाढवायची ना?"

"दरवर्षी दोन," नेली म्हणाली. ती भांडी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळत होती. न सांगता तिने बांधाबांध सुरू केली होती. "मंडळ पिल्लं शेतावर द्यायचं, वर्षभराने परत न्यायचं. परत देताना आजी रडायची म्हणे. तिचा सगळ्यात लाडका गेमस्टर. तो बघा."

चुलीवरच्या भिंतीवर एक लहान फोटो होता. धट्टीकट्टी बाई, एप्रन, आणि तिच्या पायांशी पांढरं पिल्लू. त्याचा डावा कान काळा.

"डावा," विनिफ्रेड म्हणाली.

"डावाच. आजी सांगायची, बाळपणी शाईत बुडाला असेल."

"हा फोटो उलटा तर छापला नसेल?"

"उलटा कसा? मागे आजोबांच्या गाडीवर नाव आहे ना, वाचा की."

गाडीच्या फळीवर आजोबांचं नाव होतं आणि ते सरळ वाचता येत होतं. फोटो बरोबर होता. चूक चित्रात होती.

"उलट्यावरून आठवलं," नेली कागद चुरगाळत म्हणाली. "नाताळात फिलिडाबाईंनी चर्चच्या सभागृहात काचांचा खेळ केला. तो कंदील असतो ना, आत काच घालायची आणि पडद्यावर मोठं चित्र पडतं. एक काच उलटी घातली त्यांनी. आमचं गावच उलटं दिसलं. खानावळ चर्चच्या डावीकडे. लोक किती हसले, बाई."

विनिफ्रेड हसली नाही. तिने नेलीच्या हातातली बशी काढून घेतली आणि फडताळात परत ठेवली.

"भांडी बांधू नकोस," ती म्हणाली. "आणि उद्या येताना हा फोटो घेऊन ये."

६

कमिटी मेजरांच्या जेवणघरातच बसली, चित्राखाली. मेजर, फिलिडा, आणि आजूबाजूचे तीन शेतकरी. पेम्बरला विनिफ्रेडनेच बोलावलं होतं. नेली दाराशी उभी होती. चॅपलची टोपी घालून आली होती ती, छातीशी फोटो धरून.

"मेजरसाहेब, मला दहा मिनिटं द्या," विनिफ्रेड म्हणाली. "तुमचा दाढीचा आरसा मागवा. आणि जरा चित्राशेजारी उभे राहा."

मेजर लाल कोटात होते. ते उभे राहिले.

"तुमच्या कोटाची बटणं बघा. डावी बाजू उजवीवर येते. पुरुषांचा कोट असाच शिवतात. माझ्या वडिलांनी या मंडळाचे दोनशे कोट असेच शिवले. आता चित्रातला हंट्समन बघा."

चित्रात उजवी बाजू डावीवर आली होती. मेजर डोळे बारीक करून बघत राहिले. रविवारी त्या चित्राखाली बसून त्यांनी जेवण केलं होतं, पण त्यातले घोडेच तेवढे बघितले होते.

"बायकांचा कोट असा असतो," पेम्बर पुटपुटला. "हेच टोचत होतं की काय."

"चाबूक डाव्या हातात. गेमस्टरचा उजवा कान काळा." तिने नेलीकडचा फोटो टेबलावर ठेवला. "आणि हा खरा गेमस्टर. डावा कान. अंगणात उभं राहून, हाउंड समोर ठेवून चित्र काढणारा माणूस एवढ्या चुका करत नाही. आता आरशात बघा."

तिने आरसा चित्रासमोर धरला. सगळे पुढे वाकले. आरशात कोट सरळ झाला, चाबूक उजव्या हातात आला, काळा कान डावीकडे गेला. सगळं चित्र जागेवर आलं.

"पण बाईचं काय?" एक शेतकरी म्हणाला. "बाई बिघडली."

आरशात घोड्यावरच्या बाईचे पाय उजव्या अंगाला पडले होते. तसं कुणी बसत नाही. तसं खोगीरच मिळत नाही.

"बरोबर. सगळं चित्र उलटं आणि बाई तेवढी सुलटी." विनिफ्रेडने आरसा खाली ठेवला. "हे चित्र अंगणात काढलेलं नाही. जुन्या निगेटिव्हवरून केलेली काच कंदिलात घालून चित्र कॅनव्हासवर पाडलं आणि त्यावरून रंगवलं. काच उलटी गेली. हाउंड झाले, हंट्समन झाला, कित्येक आठवड्यांचं काम झालं, आणि शेवटी बाई रंगवायला घेतली तेव्हा रंगवणाऱ्याच्या लक्षात आलं. एवढा जुना कॅनव्हास दुसरा नव्हता. म्हणून बाई तेवढी फिरवली. ही चूक उघडी पाडू शकेल अशी एकच वस्तू होती, अल्बममधला तो फोटो. आणि मी मूर्ख, याच टेबलावर सांगितलं की बुधवारी शेजारी ठेवून बघते."

"कोण?" मेजर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खोलीपुरता होता.

"पेम्बरना घोड्याची शेपूट कुठली हेही धड कळत नाही. बाईचे पाय त्यांना खटकलेच नसते. तुम्हाला खटकले असते, पण तुम्हाला सरळ रेघ ओढता येत नाही, आणि मंगळवारी तुम्ही होतात तिथून फुर्सत मिळत नाही. ज्याला पाय खटकले पण बटणं खटकली नाहीत, असं कोण? जिला स्वतःला तसं बसायची सवय आहे. आणि जिचा स्वतःचा कोट रोज उजवीकडून डावीकडे लागतो, म्हणून चित्रातला कोट बरोबरच वाटला."

कुणीही फिलिडाकडे बघितलं नाही. तरी सगळ्यांनाच ती दिसत होती.

"काकडीच्या काचघराच्या काचा पाऊण हात लांब आहेत, फिल," विनिफ्रेड हळू म्हणाली. "मी मापल्या. म्हणजे निगेटिव्ह अजून तुझ्याकडेच आहेत."

फिलिडाने हातमोजे टेबलावर ठेवले. "चोर बाहेरचा ठरेल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "खिडकी त्यासाठीच उचकटली. नेलीवर येईल हे मनातही नव्हतं."

"आल्यावर तरी बोलायचंस. तिचं घर जात होतं आणि तू मत देणार होतीस. नुसतं मत." विनिफ्रेडला इतका संताप आला होता की तिला खाली बसावं लागलं. "का केलंस हे?"

"चाळीस वर्षं रंगवतेय. वेनचं नाव टाकलं तेव्हा तू म्हणालीस, हाउंडांचे डोळे असे दुसऱ्या कुणाला जमले नाहीत. पत्रात लिहिलंस. माझ्या चित्रांबद्दल कधी लिहिलं होतंस?"

विनिफ्रेडने मेजरांसमोरच्या कागदांतून आपलं पत्र उचललं. ते दोनदा फाडलं आणि शेकोटीत टाकलं. तिचं चाळीस वर्षांचं नावही त्याबरोबर थोडं जळलं, हे तिला कळत होतं.

"बाईचे पाय तसेच ठेवले असते तर?" पेम्बरने विचारलं. त्याला खरोखरच कुतूहल होतं. "वेननेच काच उलटी घातली असेल म्हणून खपून गेलं असतं. अल्बम चोरावाच लागला नसता."

फिलिडाने त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरकला.

"उजव्या अंगाला पाय टाकून बसलेली बाई? ऑल्डरवेलच्या भिंतीवर? मला नाही काढवलं ते."

मेजरांनी घसा साफ केला. नेलीचं घर नेलीचंच राहील, ते म्हणाले, आणि तिन्ही शेतकऱ्यांनी न विचारताच हात वर केले. मग त्यांनी अल्बम कुठे आहे ते विचारलं.

"माझ्या तबेल्यात. घोड्यांच्या ओटच्या पेटीत."

"जाळला नाहीस?"

"आजोबांचे फोटो आहेत. गेमस्टर आहे त्यात." ती पहिल्यांदाच नेलीकडे वळली. "नेली, मी..."

"बुधवारी तुम्ही माझ्याकडे येऊन चहा प्यायलात, फिलिडाबाई," नेली म्हणाली. तिचा आवाज आता अजिबात कापत नव्हता. "मी रडत होते आणि तुम्ही पाठीवरून हात फिरवत होतात. केकचा दुसरा तुकडा मागून घेतलात. ते मी विसरणार नाही."

फिलिडाने मान खाली घातली. नेलीने टेबलावरचा फोटो उचलला, बाहीने पुसला आणि दाराशी जाऊन थांबली. काही झालं तरी दप्तर तिच्या ताब्यात होतं.

"ओटच्या पेटीत उंदीर असतात," ती म्हणाली. "झाकण नीट लावलंत ना?"

"साखळी आहे," फिलिडा म्हणाली. "दोन वेढे दिलेत."